अमेरिकेची जुनी स्मारक नाणी: संग्रह कसा उभारावा

अमेरिकेच्या टांकसाळींनी १८९२ ते १९५४ या काळात पाडलेल्या स्मारक नाण्यांना संग्राहक ‘क्लासिक’ म्हणतात. त्यानंतर जवळजवळ तीन दशके तेथे एकही स्मारक नाणे निघाले नाही, आणि १९८२ पासून निघालेली नाणी ‘आधुनिक’ या वेगळ्या वर्गात मोडतात. क्लासिक मालिकेत चांदीचे ४८ नमुन्यांचे अर्धे डॉलर, चांदीचाच एक पाव डॉलर, एक पूर्ण डॉलर आणि मोजकी सोन्याची नाणी आहेत. अर्धा डॉलर १२.५ ग्रॅम वजनाचा, ३०.६ मिलिमीटर व्यासाचा आणि ९० टक्के चांदीचा असतो. घरातला राणीछाप रुपया ज्यांनी हाताळला आहे त्यांना हे माप अनोळखी वाटणार नाही, कारण तो रुपया आकाराने जवळजवळ एवढाच आणि वजनाने थोडा हलका आहे.

ही नाणी कशी विकली गेली हे नीट समजून घेतल्याशिवाय पहिले नाणेही विकत घेऊ नये, असे माझे मत आहे. एखाद्या शहराच्या किंवा राज्याच्या वर्धापनदिनासाठी, प्रदर्शनासाठी किंवा स्मारकासाठी निधी हवा असला की तिथली समिती काँग्रेसकडून (अमेरिकेच्या संसदेकडून) कायदा मंजूर करून घेत असे. टांकसाळ त्या समितीला दर्शनी किमतीत नाणी देई, आणि समिती ती दुप्पट-तिप्पट किमतीला विकून वरचा पैसा कार्यासाठी, क्वचित स्वतःसाठी, राखून ठेवी. नाणी कोणी घेतली, घेणारा संग्राहक होता की जत्रेला आलेला पाहुणा, आणि न खपलेल्या नाण्यांचे पुढे काय झाले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर आज ते नाणे कोणत्या अवस्थेत आणि किती सहज मिळते हे अवलंबून आहे. ‘किती पाडली’ हा आकडा एकटा पाहिला तर फसगत ठरलेली.

पहिलेच उदाहरण कोलंबियन अर्ध्या डॉलरचे. कोलंबसाच्या सफरीला ४०० वर्षे झाल्याबद्दल शिकागोला जे विश्वप्रदर्शन भरले, त्याला हातभार म्हणून हे नाणे निघाले. कोलंबसाची मुद्रा चार्ल्स बार्बर यांची आणि मागच्या बाजूचे सांता मारिया जहाज जॉर्ज मॉर्गन यांचे. १८९२ च्या तारखेची साडेनऊ लाख आणि १८९३ ची सुमारे ४० लाख नाणी पाडली गेली, पण अर्ध्या डॉलरचे नाणे एक डॉलरला घेणारे इतके लोक मिळाले नाहीत. सुमारे २५ लाख नाणी वितळवली गेली आणि उरलेल्यांपैकी असंख्य नाणी दर्शनी किमतीत बाजारात सुटली. म्हणून आजही झिजलेले कोलंबियन नाणे चांदीच्या भावापेक्षा फारसे वर मिळत नाही, आणि नवशिक्याने हात बसवण्यासाठी त्याच्याइतके चांगले नाणे दुसरे नाही.

याच प्रदर्शनातल्या महिला व्यवस्थापक मंडळाने स्वतःचे वेगळे नाणे मागितले आणि राणी इसाबेलाचा पाव डॉलर मिळवला. त्याचीही किंमत एक डॉलरच होती. त्याच डॉलरात शेजारी मोठे अर्ध्या डॉलरचे नाणे मिळत असताना लहान नाणे कोण घेणार? हजारो नाणी परत जाऊन वितळली आणि सुमारे २४,००० उरली.

याच्या उलट गोष्ट १९३६ च्या सिनसिनाटी संचाची. टॉमस मेलिश या संग्राहकाच्या पुढाकाराने ‘सिनसिनाटी हे संगीताचे केंद्र झाल्याला ५० वर्षे झाली’ अशी सबब पुढे करून ही नाणी काढण्यात आली आणि त्यांवर स्टीफन फॉस्टर या गीतकाराचा मुखवटा घातला गेला. फॉस्टर १८६४ मध्येच वारले होते, आणि १८८६ मध्ये त्या शहराच्या संगीतात साजरे करावे असे काय घडले होते हे कोणालाच दाखवता आले नाही. तीन टांकसाळींचे जेमतेम पाच हजार संच, पावणेआठ डॉलरला एक, हातोहात संपले आणि लगेच चढ्या भावाने फिरू लागले. मात्र घेणारे बहुतेक सगळे संग्राहक किंवा सट्टेबाज असल्यामुळे नाणी जपली गेली. पाच हजार हा आकडा लहान दिसतो, तरी पैसे मोजायची तयारी असेल तर चांगल्या अवस्थेतला संच शोधायला फार वणवण करावी लागत नाही.

तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. स्वातंत्र्याच्या १५० व्या वर्धापनदिनानिमित्त १९२६ मध्ये वॉशिंग्टन आणि तेव्हाचे अध्यक्ष कूलिज यांचे जोडमुखवटे असलेला अर्धा डॉलर दहा लाखांवर पाडला गेला. साडेआठ लाखांहून अधिक नाणी वितळली आणि सुमारे १ लाख ४१ हजार उरली. ही संख्या सिनसिनाटीच्या कितीतरी पट आहे, तरीही या नाण्याचा उठाव इतका उथळ आहे की ते टांकसाळीतून बाहेर पडतानाच निस्तेज दिसे, आणि निर्दोष, झळाळते नाणे आज दुर्मीळ व महाग आहे. १९२३ च्या मन्रो अर्ध्या डॉलरचीही हीच कथा आहे. उठाव उथळ, आणि त्यात भर म्हणजे बहुतेक नाणी रोजच्या व्यवहारात खर्च झाली.

आता काय जमवायचे हे ठरवण्याकडे वळू. तारीख आणि टांकसाळ यांप्रमाणे चांदीची सगळी नाणी घेतली तर संच १४४ नाण्यांचा होतो, आणि प्रत्येक नमुन्याचे एकेक घेतले तर ५० चा. १४४ चा संच ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्यातला मोठा भाग विक्रेत्यांच्या हव्यासाने फुगलेला आहे. एकदा परवाना मिळाला की काही समित्या दरवर्षी, तीनही टांकसाळींतून, तेच नाणे नव्या तारखेने काढत राहत. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर खूण नसते, डेन्व्हरच्या नाण्यावर ‘डी’ आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावर ‘एस’ असतो, आणि संच पुरा करू पाहणाऱ्याला तिन्ही घ्यावी लागत. ओरेगॉन ट्रेलची १४, टेक्सासची १३, आर्कान्सासची १५, डॅनियल बूनची १६, बुकर टी. वॉशिंग्टनची १८ आणि वॉशिंग्टन-कार्व्हरची (तेच बुकर टी. आणि त्यांच्या जोडीला शास्त्रज्ञ कार्व्हर) १२ अशी बेरीज केली की १४२ अर्ध्या डॉलरांपैकी ८८ नाणी केवळ सहा नमुन्यांची आहेत हे लक्षात येते. बूनच्या नाण्यावर तर १९३५ मध्येच मागच्या बाजूला ‘१९३४’ हा लहानसा आकडा घालून नवा प्रकार तयार करण्यात आला. त्यातली डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोची नाणी प्रत्येकी दोन हजारांच्या आसपासच होती. अशा प्रकारांनी ग्राहक विटले, आणि १९३९ मध्ये काँग्रेसने जुन्या परवान्यांवर नाणी काढत राहणे बंद केले.

म्हणून ५० नमुन्यांचा संच हे लांबचे ध्येय ठेवावे आणि सुरुवात त्याहूनही लहान, अर्थपूर्ण गटाने करावी. जिवंत व्यक्तीचे चित्र नाण्यावर घालण्याचा अमेरिकेत प्रघात नव्हता. तो मोडणाऱ्या १९२१ च्या अलाबामा (गव्हर्नर किल्बी), १९२६ च्या कूलिज, १९३६ च्या लिंचबर्ग (सिनेटर कार्टर ग्लास) आणि त्याच वर्षीच्या रॉबिन्सन (सिनेटर जोसेफ रॉबिन्सन) या चार नाण्यांचा छोटा गट होतो. शिल्पकार धरूनही गट करता येतो. लॉरा गार्डिन फ्रेझर यांनी अलाबामा, ग्रँट आणि फोर्ट व्हँकुव्हर ही नाणी घडवली, आणि पती जेम्स अर्ल फ्रेझर यांच्यासह ओरेगॉन ट्रेलचे नाणे. ते अमेरिकेच्या सर्वांत देखण्या नाण्यांपैकी एक मानले जाते आणि मलाही ते तसेच वाटते: एका बाजूला अमेरिकेच्या नकाशावर हात पसरून उभा असलेला मूळनिवासी पुरुष, दुसऱ्या बाजूला मावळतीकडे निघालेली बैलांची छपराची गाडी. बुकर टी. वॉशिंग्टनचे नाणे आयझॅक हॅथवे यांचे आहे. अमेरिकेचे नाणे घडवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी शिल्पकार होते. ही नाणी अगदी परवडणारी आहेत, आणि न खपलेली नाणी वितळवून त्याच धातूतून पुढची वॉशिंग्टन-कार्व्हर नाणी पाडली गेली. इतिहासाची अवघड बाजूही या मालिकेत आहे. १९२५ चे स्टोन माउंटन नाणे दक्षिणेच्या बंडखोर सेनापतींचा गौरव करते, आणि ते घडवणारे गट्झन बोरग्लम यांनीच पुढे माउंट रशमोरवर अध्यक्षांचे चेहरे कोरले. हे नाणे तेरा लाखांवर वितरित झाल्यामुळे स्वस्त आहे. ते घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे.

खरे कौशल्य नाणे पाहण्यात आहे, आणि येथे घाई करू नये. खोलीतले इतर दिवे मालवून टेबलावर एकच झोतदिवा ठेवावा, नाणे कडांनी धरावे, खाली मऊ कापड अंथरावे आणि पाचपट किंवा सातपट भिंग जवळ असू द्यावे. आधी भिंगाशिवाय पाहावे. नाणे दिव्याखाली तिरके करून सावकाश फिरवले की न वापरलेल्या चांदीवर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे मध्यापासून कडेकडे फिरत जातात. पाडताना धातू साच्यात सरकत जाऊन ज्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यांच्यामुळे ही झळाळी दिसते. एकदा नष्ट झाली की ती कोणत्याही उपायाने परत येत नाही. पट्टे अखंड फिरतात की मध्येच तुटतात, हे पाहावे. कोलंबियन नाण्यावर कोलंबसाची भुवई आणि गाल, मागे जहाजाचे शीड, अशा उंच ठिकाणी पट्टा तुटून करडा, मिणमिणता डाग दिसला तर नाणे वापरात किंवा खिशात घासले गेले आहे असे समजावे.

मात्र उंचवट्यावरचा प्रत्येक सपाटपणा झिजेमुळेच येतो असे नाही. साच्याचा दाब कमी पडला तर धातू साच्याच्या सर्वांत खोल भागापर्यंत, म्हणजे नाण्यावरच्या सर्वांत उंच जागेपर्यंत, पोचत नाही, आणि तिथे कोऱ्या तबकडीवरचे पाडण्याआधीचे बारीक खड्डे व ओरखडे तसेच राहतात. बुकर टी. वॉशिंग्टन आणि कार्व्हर यांच्या नाण्यांत गालाच्या हाडावर हे हमखास आढळते. फरक ओळखण्याची खूण अशी की झिजलेल्या जागी पृष्ठभाग गुळगुळीत आणि वेगळ्या रंगाचा होतो, तर दाब कमी पडलेल्या जागी तो खडबडीत राहूनही आसपासच्या झळाळीशी मिळतो. विक्रेते सोयीप्रमाणे एकाला दुसरे नाव देतात. नाण्याच्या अवस्थेबद्दल बोलताना त्यांचे शब्द ऐकावेत, पण निर्णय डोळ्यांनी घ्यावा.

साफ केलेले नाणे घेऊ नये, आणि आपण स्वतः नाणे कधीही साफ करू नये. आपल्याकडे चांदीला काळपटपणा आला की चिंच, लिंबू, रांगोळी किंवा दंतमंजन काढण्याची सवय घराघरांत आहे. समईला ती चालते. नाण्याची मात्र किंमत त्या पाच मिनिटांत निम्म्याहून खाली येऊ शकते. घासलेल्या नाण्यावर भिंगातून एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेषांचे जाळे दिसते, आणि रसायनात बुडवलेले नाणे पांढरेफटक पण निर्जीव दिसते, फिरवले तरी उजेड हलत नाही. १९२८ चे हवाईचे नाणे या बाबतीत विशेष तपासावे. कॅप्टन कुक हवाई बेटांवर पोचल्याला १५० वर्षे झाल्यानिमित्त जेमतेम १०,००० नाणी दोन डॉलरला एक याप्रमाणे विकली गेली, आणि त्यांतली बरीच बेटांवरच्या सामान्य कुटुंबांनी आठवण म्हणून घेतली. त्यामुळे हौसेने पुसून चकचकीत केलेली नाणी त्यांत पुष्कळ सापडतात.

चांदीवर कालांतराने येणारी रंगछटा, जिला संग्राहक टोनिंग म्हणतात, ही मात्र दोष मानू नये. १९३० च्या दशकात पुष्कळ नाणी गोल खाचा असलेल्या पुठ्ठ्याच्या पाकिटांतून टपालाने येत, आणि नाणे पडू नये म्हणून वर कागदाची पट्टी असे. पट्टीखालचा भाग वेगळ्या रंगाचा, बाकीचा सोनेरी-तपकिरी किंवा निळसर, अशी ठेवण दिसली तर नाणे पिढ्यान्‌पिढ्या हाताळले न गेल्याची ती चांगली साक्ष असते. अशा रंगांना बाजारात जादा भाव मिळत असल्यामुळे खोटे रंगही चढवले जातात. खोटा रंग झळाळीच्या वर बसल्यासारखा दिसतो, अक्षरांच्या सावलीतही सारखाच गडद असतो आणि फिरवल्यावर त्याखालून उजेड येत नाही. मूळ पाकिटे वेगळी विकली जातात हेही लक्षात ठेवावे, कारण जुने पाकीट सोबत आहे एवढ्यावरून आतले नाणे त्यातलेच आहे असे ठरत नाही.

दर्जा १ ते ७० अशा श्रेणीत दिला जातो आणि ६० किंवा त्यावरचे नाणे न वापरलेले मानतात. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि पुढच्याच वर्षी एनजीसी या संस्था सुरू झाल्या. त्या नाणे तपासून, दर्जा छापून, प्लॅस्टिकच्या बंद डबीत देतात. या डबीला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. नवशिक्याने महागडे नाणे या दोन संस्थांच्या स्लॅबमधलेच घ्यावे, आणि ६३ किंवा ६४ दर्जाचे घ्यावे असा माझा सल्ला आहे. ६४ आणि ६६ यांतला फरक पुष्कळदा सरावलेल्या डोळ्यालाही सांगता येत नाही, किमतीतला फरक मात्र खिशाला लगेच जाणवतो. १९८९ च्या सुमारास स्लॅबमधल्या नाण्यांवर गुंतवणूकदारांच्या उड्या पडल्या, भाव आकाशाला भिडले आणि मग कोसळले. त्या वेळी ६५ दर्जाची स्मारक नाणी घेणाऱ्या कित्येकांचे पैसे अजून वसूल झालेले नाहीत. खरेदीदाराच्या दृष्टीने यात सोयच आहे: आज उत्तम नाणी तेव्हाच्या भावाच्या काही अंशात मिळतात. नफ्याच्या आशेने या नाण्यांकडे वळू नये, एवढे पुरे.

खोट्या नाण्यांपासून सावध राहण्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि व्यास मोजणारे कॅलिपर ही दोन साधने स्वस्तात मिळतात आणि ती घ्यावीतच. वजन किंवा व्यास जुळत नसेल तर पुढचा विचार करायचे कारण नाही. जुळले तरी नाणे खरे ठरत नाही, म्हणून कडेवरच्या दात्यांमध्ये सांधा दिसतो का, चित्राभोवतीच्या मोकळ्या सपाट भागात पुटकुळ्यांसारखे उंचवटे आहेत का, हे भिंगाने पाहावे. १९२२ च्या ग्रँट नाण्याबाबत आणखी एक पथ्य पाळावे. याच्या थोड्या नाण्यांवर ‘ग्रँट’ या नावाच्या वर एक छोटा खोल तारा आहे. त्याला काहीही अर्थ नाही, तो केवळ दुसरा प्रकार विकता यावा म्हणून घातलेला. पण ताऱ्याची नाणी सुमारे ४,२५० च असल्याने साध्या नाण्यावर तारा ठोकून फसवण्याचा धंदा जुना आहे. तारा नंतर ठोकला असेल तर मागच्या बाजूला नेमक्या त्याच जागी चित्र किंचित चपटे झालेले दिसते. स्लॅबमधल्या नाण्याचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो समोरच्या नाण्याशी ताडून पाहावा, कारण आता स्लॅबसुद्धा नकली निघतात.

सोन्याच्या नाण्यांबद्दल थोडक्यातच सांगतो. १९०३ ते १९२६ या काळातली एक डॉलर व अडीच डॉलरची नाणी लहान, सुंदर आणि महाग आहेत, आणि बनावट करणाऱ्यांची ती आवडती असल्यामुळे स्लॅबशिवाय घेऊच नयेत. १९१५ च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनाचे पन्नास डॉलरचे गोल नाणे ४८३ आणि अष्टकोनी ६४५ एवढेच वितरित झाले. ती लिलावाच्या फोटोंत पाहण्यासाठी आहेत. चांदीचा १९०० चा लाफायेत डॉलर मात्र जिद्दीने पैसे साठवले तर आवाक्यात येऊ शकतो, आणि अमेरिकेच्या नाण्यावर राष्ट्राध्यक्ष पहिल्यांदा अवतरले ते याच नाण्यावर, वॉशिंग्टन यांच्या रूपाने.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना स्थानिक नाणे-प्रदर्शनात जाऊन एकाच नमुन्याची दहा-वीस नाणी शेजारी शेजारी पाहण्याची सोय आहे आणि तिचा त्यांनी पुरेपूर लाभ घ्यावा. भारतातून मागवणाऱ्यांनी पार्सलवर किती सीमाशुल्क लागेल आणि परतीची अट काय आहे, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. शुल्क आणि टपालखर्च धरला की स्वस्त नाणे स्वस्त राहत नाही, म्हणून वारंवार एकेक स्वस्त नाणे मागवण्यापेक्षा वर्षातून एखादेच, पण चांगले, नाणे मागवणे परवडते. नाणी आल्यावर मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्यांतून ताबडतोब काढावीत, कारण त्या पिशव्यांचे रसायन चांदीवर हिरवट चिकट थर चढवते. रबरबँड, वर्तमानपत्र आणि लाकडी कपाटाचा खण यांपासूनही चांदी दूर ठेवावी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्या पावसाळ्यात महिन्याला बदलाव्यात, आणि प्रत्येक नाण्याची खरेदीची तारीख, किंमत, विक्रेता, वजन व दोन्ही बाजूंचे फोटो एका वहीत किंवा फाइलमध्ये नोंदवून ठेवावेत. पुढे घरच्यांना ते नाणे विकायचे झाले तर त्यांना चांदीच्या मोडीचा भाव सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि अशा वेळी हीच नोंद त्यांच्या हाताशी असेल.